कपलर ओढू नकोस, आधी लॉक बघ

भावा, गाडीचं काम घरीच करायला घेतलंस, झ्याक! पण कपलरला, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाला, हात लावायच्या आधी चावी बंद कर आणि बॅटरीची मायनस सोड. वायर धरून ओढायचं नाही, कधीच नाही. आतली पिन सुटते आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं, मग फॉल्ट शोधता शोधता जीव जातो. आधी लॉक शोध, म्हणजे कपलरवरची दाबायची खिट्टी. काही कपलरना लाल सरकपट्टीही असते, ती मागे घे. मग कपलर किंचित आत दाब, लॉकवरचा ताण जातो. आता लॉक दाबून बॉडी धरून काढ.

आपल्याकडचा पाऊस, त्यात पंचगंगेचं पाणी गाडीत शिरलेलं असेल तर पिनांवर हिरवट थर दिसेल. तो गंजच. कॉन्टॅक्ट क्लीनर मार, पूर्ण वाळू दे. पॉलिश पेपर लावू नकोस, मुलामा निघतो. रबरी सील फाटलं असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचार, पण सीलशिवाय बसवू नकोस. बसवताना ‘टक्’ आवाज आलाच पाहिजे.

सीटखालचे, स्टिअरिंगजवळचे पिवळे कपलर बहुधा एअरबॅगचे. ते जाणत्या इलेक्ट्रिशियनकडेच दे.