गरजूंसाठी विणून द्यायचं तर काय विणावं? बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळत असताना विणण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की निवृत्त झालात, विणकाम चांगलं येतं, या थंडीत गरजू लोकांसाठी स्वेटर आणि पांघरुणं विणायची आहेत. पण मुलगा म्हणतो, बाजारात दोन-अडीचशेला ब्लँकेट मिळतं, कशाला डोळे फोडून घेतेस? मुलाचं अर्धं बरोबर आहे. पांघरुणं विकतच घ्या. विणायचं ते बाजारात मिळत नाही ते.

मी ग्वाल्हेरची, इथल्या लष्कर नावाच्या भागात राहते. नऊ हिवाळे झाले हा उद्योग चालू आहे. त्यातले पहिले दोन जवळजवळ वाया गेले, म्हणून एवढं लांबण लावतेय.

पहिल्या वर्षी आम्ही भिशीतल्या आठ जणींनी मिळून ब्लँकेटच केलं. २० सेंटिमीटरचे चौकोन, रुंदीला ५, लांबीला ७, म्हणजे ३५. पाऊण किलो लोकर गेली. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल, त्यामुळे कुणाचा चौकोन १८ चा तर कुणाचा २२ चा. ते ओढूनताणून जोडण्यात दोन दुपारी गेल्या आणि थोडी भांडणंही झाली. डिसेंबर संपता संपता तयार झालं ते एक पांघरूण, एका माणसापुरतं. नुसत्या लोकरीच्या पैशांत तयार ब्लँकेटं दोन आली असती. शिवाय एकदा धुऊन पाहिलं तर दोघींना मिळूनही पिळवेना. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाने ते कुठे धुवायचं आणि कुठे वाळत घालायचं?

दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले, असं मला वाटलं. एका रुग्णालयाच्या बाळंतिणींच्या वॉर्डासाठी पाच झबली-स्वेटर विणले. शुद्ध लोकरीचे, पुढे मोत्यासारखी बटणं, गळ्याला रिबीन. मोठ्या सिस्टरांनी हातात घेतले, तोंड भरून कौतुक केलं आणि मग एकेक बटण ओढून पाहिलं. तिसरं त्यांच्या हातातच आलं. "आंटी, ये बच्चे के मुँह में जाएगा," एवढंच म्हणाल्या. रिबिनी तिथल्या तिथे कात्रीने कापल्या. पुढे ते स्वेटर धुलाईत गेले, उकळत्या पाण्यात, आणि आठवड्याने बाहुलीला येतील एवढे होऊन बाहेर आले, घट्ट आणि नमद्यासारखे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखे. लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. तिथे कपडे कसे धुतात हे विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

मग विचारलं, आणि कळलं की त्यांना स्वेटर मुळात नकोच होते. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेली किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवतात. कांगारू पद्धत म्हणतात तिला. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरत नव्हते, तिथून ती सुरू झाली. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे, वरून आईची शाल. मध्ये स्वेटर आला की आईची ऊब बाळापर्यंत पोचत नाही. टोपी मात्र हवीच, कारण नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा असतं आणि उघडं राहिलं की अंगातली ऊब तिथून भराभर जाते. बाळाचं तापमान ३६.५ अंशांच्या खाली उतरलं की डॉक्टर धावपळ करतात, आणि आमच्याकडे जानेवारीत रात्रीचा पारा ४-५ अंशांवर येतो. दुकानातल्या टोप्या भरल्या अंगाच्या बाळाच्या मापाच्या. दीड किलोच्या बाळाला त्या नाकापर्यंत येतात.

तर ही टोपी. चार तारी मऊ बेबी अ‍ॅक्रिलिक आणि १० नंबरच्या सुया घ्या (आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, परदेशी नमुना पाहून विणणार असाल तर सांभाळा). ७२ टाके घाला. एक सुलट एक उलट अशी १२ ओळींची पट्टी करा. मग एक ओळ सुलट, एक उलट असं सगळं मिळून ९ सेंटिमीटर होईपर्यंत. त्यानंतर घटवायचं: ६ टाके सुलट, मग दोनाचा एक, असं ओळभर केलं की ६३ उरतात. परतीची ओळ नुसती उलट. पुढच्या सुलट ओळीला ५ आणि दोनाचा एक, ५४. मग ४, मग ३, असं करत १८ टाक्यांवर आलात की सगळेच दोन-दोन एकत्र करा. राहिलेल्या ९ टाक्यांतून दोरा ओवून आवळा आणि मागची शिवण घाला. शिवण चपटी आली पाहिजे, कारण ती बाळाच्या डोक्याखाली येते. मी बाहेरच्या बाजूने शिवते, दिसली तर दिसू दे. दोऱ्याचं टोक आत चार-पाच सेंटिमीटर फिरवून मगच कापायचं. वर गोंडा नको, नाडी नको, मणी नको, जाळीची वीण तर नकोच, कारण एवढीशी बोटं भोकांत अडकतात. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ८८ टाके घाला आणि उंची १२ सेंटिमीटर ठेवा. ८८ मध्ये ८ चे ११ भाग पडतात, त्यामुळे घटवण्याचा हिशेब तोच.

५० ग्रॅमच्या गुंड्यात लहान टोप्या तीन सहज निघतात. मला एका टोपीला दोन संध्याकाळी लागतात, चष्मा नवा असताना दीड लागत होती.

रंगांबद्दल एक. तिसऱ्या वर्षी घरात उरलेली काळी लोकर संपवावी म्हणून सहा काळ्या टोप्या केल्या. आपल्याकडे संक्रांतीला बोरन्हाणाच्या वेळी बाळाला हौसेने काळं झबलं घालतात, त्यामुळे माझ्या मनात काही आलंच नाही. वॉर्डात मुरैनाकडची एक आजी टोपी उलटीसुलटी करून बघत बसली, मऊ आहे म्हणाली, गालाला लावून पाहिली आणि घडी करून परत माझ्या मांडीवर ठेवली. "पहले-पहल काला नहीं पहनाते, बहनजी." सहाच्या सहा परत आल्या. तेव्हापासून पिवळा, मोरपंखी, राणी रंग.

आई सांगायची, ६२ च्या चीनच्या लढाईत त्यांच्या शाळेत जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले होते. बाईंनी प्रत्येकीला दोऱ्याचं माप कापून दिलं होतं, छातीचं एक, बाहीचं एक, आणि हिरवी लोकर मोजून. आईच्या वाट्याला बाही आली. एका मुलीने सैनिक उंच असतात म्हणून बाही वीतभर लांब केली, ती बाईंनी सगळ्यांसमोर उसवायला लावली. आईला साठ वर्षांनंतरही त्या मुलीची दया यायची. मला बाईंचं पटतं.

माप आणि गरज न बघता नुसतं प्रेमाने विणलं की काय होतं याचा मोठा नमुना ऑस्ट्रेलियात आहे. फिलिप आयलंडजवळ २००१ मध्ये तेल सांडलं आणि ४३८ छोटे पेंग्विन त्यात सापडले. चोचीने पिसं साफ करताना ते तेल पोटात जाऊ नये म्हणून त्यांना विणलेले स्वेटर घालत. कल्पना खरोखर उपयोगाची होती. पण बातमी पसरली आणि जगभरातून इतके स्वेटर आले की पुरे आता म्हणायची वेळ आली; जादाचे खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकले. पेंग्विनांच्या स्वेटरचे फोटो माझ्या नातीने मला अजूनही दर हिवाळ्यात पाठवायचे असतात, ते वेगळं.

आता मोठ्या माणसांचं. स्टेशन, बसस्टँड, रैन बसेरा (बेघरांची रात्रीच्या आसऱ्याची जागा) इथल्या लोकांना मी स्वेटर विणत नाही. एका स्वेटरला महिना जातो आणि अंगाला बसेल याची खात्री नाही. कानटोपी आणि मोजे विणते. पण इथे लोकर बदला. ही माणसं रात्रभर शेकोटीजवळ असतात. अ‍ॅक्रिलिकवर ठिणगी पडली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहसा भडकत नाही, करपून विझते. महाग पडते, म्हणून जुने लोकरी स्वेटर मागून आणते आणि उसवते. उसवलेली लोकर कुरळी असते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा आणि न पिळता खाली थोडं वजन लावून टांगा. वाळली की सरळ होते. जुनी लोकर कुठली ते ओळखायचं तर एक तुकडा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर, प्लॅस्टिकसारखी कडक गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक. मफलर आणि लोंबणारे गोंडे टाळा, तेही शेकोटीमुळेच. रंग गडद. पांढरी कानटोपी दोन दिवसांत काळवंडते आणि मग माणूस ती घालायला लाजतो.

देताना फोटोबिटो नकोत. एकदा एका मंडळींबरोबर गेले होते. त्यांचा बॅनर सरळ होईपर्यंत म्हातारी माणसं धुक्यात पाऊण तास रांगेत उभी होती. त्यानंतर मी एकटी जाते, नाहीतर रैन बसेऱ्याच्या चौकीदाराकडे पिशवी देऊन येते. त्याला माहीत असतं कुणाकडे काय नाही. तुमच्या गावात असं काही जवळ नसेल तर गूंज ही संस्था १९९९ पासून कपड्यांचं काम करते, तिची संकलन केंद्रं बऱ्याच शहरांत आहेत. रुग्णालयात मात्र आधी नवजात शिशू विभागाच्या सिस्टरांना भेटा, एसएनसीयू विचारलं की कुणीही दाखवेल. टोप्या धुऊन, बंद पिशवीत, बाहेर माप लिहून द्या.

लोकर घ्यायला आमच्यासारख्या हिंदी मुलखात असाल तर दुकानात ऊन मागा, सुयांना सलाई म्हणा आणि टाक्याला फंदा. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा बाड्याजवळच्या, म्हणजे इथल्या मोठ्या बाजारातल्या, दुकानात "लोकर आहे का" विचारलं होतं. दुकानदाराने समोरच्या लॉकरवाल्याकडे बोट दाखवलं होतं.

मोज्यांची टाच जमत नसेल तर अडून बसू नका. बाळांच्या मोज्यांना टाच लागत नाही. ३२ टाके घालून दोन सुलट दोन उलट अशी सरळ नळी विणा, पुढचं टोक आवळा आणि शिवा. पाय कसाही हलवला तरी नळी निसटत नाही, आणि बाळ वाढलं तर आणखी पंधरा दिवस चालते.