खाऱ्या बोअरवर पालेभाजी : कोकोपीट, रेती की काळी माती?

भाऊ, दर्यापूरकडचा बोअर, पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप) २.५, आणि त्यावर ग्रोबॅगमध्ये पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) घ्यायचा तर बॅगेत काय भरावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी हिशेब पाहा. २.५ ईसी म्हणजे लिटरमागे साधारण दीड ग्रॅम क्षार. रोज दहा लिटर पाणी दिलं, तर महिन्याला अर्धा किलोच्या आसपास मीठ बॅगांत येऊन पडतं. पाणी पानांतून उडून जातं, मीठ मागेच राहतं. कोणतंही माध्यम ते खात नाही. ते खालून बाहेर निघतं का, एवढंच बघायचं.

काळी माती इथंच मार खाते. सोडियमनं तिचे कण सुटे होतात, भोकं बुजतात आणि निचरा थांबतो. ती बॅगेत नकोच. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) स्वस्त विटेत मुळातच सोडियम अन् क्लोराइड असतं. ती गोड्या पाण्यात धुवायची, मग कॅल्शियम नायट्रेटमध्ये भिजवायची. एवढं गोडं पाणी असतं तर तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता!

माझं मत रेतीला. जाड, धुतलेली रेती दोन हिस्से, चांगलं मुरलेलं गांडूळखत एक हिस्सा. कच्चं शेणखत टाळा, त्यात स्वतःचेच क्षार असतात. रेती लवकर वाळते, आणि उरलेल्या ओलीत मीठ आणखी कडक होतं. म्हणून दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं, ठिबकनंच. झारीनं वरून टाकलं तर पानांच्या कडा करपतात. गरजेपेक्षा पाव हिस्सा पाणी जास्त द्या, म्हणजे खालून गळेल. गळणाऱ्या पाण्याचा ईसी मधूनमधून मोजा आणि ते शेतात जाऊ देऊ नका.

पिकांचं म्हणाल तर आपला देशी पालक बीटाच्या कुळातला, तो बऱ्यापैकी तग धरतो. मेथी जेमतेम. सांबार या पाण्यावर लावूच नका. घोळ मात्र खाऱ्यातही फोफावते आणि बाजारात विकलीही जाते.

बी उगवेपर्यंत शेततळ्यातलं किंवा टाक्यातलं पावसाचं पाणी वापरा, कोवळ्या मुळाला खार सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये बॅगा रिकाम्या ठेवलेल्या बऱ्या.

पाणी तपासणीच्या कागदावर एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता उरणारं कार्बोनेट-बायकार्बोनेट) यांचे आकडे असतील तर सांगा. आरएससी २.५ च्या वर असेल तर पुढचा सल्ला वेगळा राहील.