एक्सएसएलटीमध्ये, म्हणजे एक्सएमएल दस्तऐवजांचे रूपांतर करणाऱ्या भाषेत, ग्राहक व ऑर्डरच्या हजारो नोंदींतून हवे ते नोड (दस्तऐवजातले घटक) निवडून क्रमाने लावणे फार मंद का होते?

प्रत्येक ग्राहकासाठी त्याच्या ऑर्डर शोधताना दुहेरी तिरक्या रेषेने (//) सुरू होणारा एक्सपाथ (नोड निवडणारी अभिव्यक्ती) लूपच्या आत वापरला, तर दर फेरीला प्रोसेसरला (रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) बहुधा संपूर्ण दस्तऐवज धुंडाळावा लागतो. वेळ तिथेच जातो, सॉर्टिंगमध्ये नव्हे. स्टाइलशीटच्या (रूपांतराचे नियम असलेल्या फाइलच्या) सर्वांत वरच्या पातळीवर 'एक्सएसएल:की' घोषित करून त्याच्या 'मॅच'मध्ये ऑर्डरचा नोड आणि 'यूज'मध्ये ग्राहक क्रमांक द्यावा, आणि लूपमध्ये 'की' हे फंक्शन वापरावे. बहुतेक प्रोसेसर त्यासाठी एकदाच इंडेक्स बांधतात आणि पुढचा प्रत्येक शोध थेट होतो.

क्रम लावणारे 'एक्सएसएल:सॉर्ट' हे 'फॉर-ईच'च्या, म्हणजे लूपच्या, आत अगदी आरंभी यावे लागते. १.० आवृत्तीत त्याची तुलना मुळात मजकूर म्हणून होते, म्हणून १० हा आकडा ९ च्या आधी येतो; रकमेसाठी 'डेटा-टाइप' आवर्जून 'नंबर' ठेवावा. शिवाय क्रम लावल्यानंतरही 'प्रिसिडिंग-सिब्लिंग' मूळ दस्तऐवजातलाच आधीचा नोड देते, हे विसरल्याने बेरजा चुकतात. नव्या क्रमातले स्थान 'पोझिशन' हे फंक्शन सांगते. गट पाडायचे असल्यास २००७ साली प्रमाणित झालेल्या २.० आवृत्तीतील 'फॉर-ईच-ग्रुप' निःसंशय अधिक सुटसुटीत आहे.