शब्दचर्चा: 'एचेवेरिया' आणि 'झेवियर' यांचं मूळ एकच आहे का?

प्रश्न असा आहे: मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेरिया आणि गोव्याचे सेंट फ्रान्सिस झेवियर यांची नावं मुळात एकच आहेत, असं वाचनात आलं. ते खरं आहे का? असल्यास या दोन घराण्यांचं काही नातं लागतं का? आणि हेच नाव मुंबईत 'झेवियर', गोव्यात 'शावियेर' आणि स्पेनमध्ये 'हावियेर' कसं झालं?

मूळ एकच आहे, हे खरं. नातं मात्र लागत नाही. ते का लागत नाही, हे समजून घेतलं की हे आडनाव एवढं का पसरलं तेही आपोआप समजतं.

दोन्ही नावं बास्क भाषेतली आहेत. पिरेनीज पर्वतरांगेच्या पश्चिम टोकाला, थोडी स्पेनमध्ये आणि थोडी फ्रान्समध्ये बोलली जाणारी ही भाषा. शेजारच्या स्पॅनिश-फ्रेंचशी तिचं कुळ जुळत नाही, आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी ते अजून सिद्ध झालेलं नाही. या भाषेत 'एचे' म्हणजे घर आणि 'बेर्री' म्हणजे नवं. विशेषण नामाच्या मागून येतं आणि सर्वांत शेवटी 'आ' हा प्रत्यय लागतो. हा 'आ' मुळात 'तो, ते' अशा अर्थाच्या दर्शक सर्वनामातून आलेला. तेव्हा 'एचेबेर्रिया' (स्पॅनिश वळणाने 'एचेवेरिया') म्हणजे 'घर नवं ते', ते नवं घर. शेवटचा 'आ' काढला की उरतं 'एचेबेर्री', नुसतं नवं घर. आडनाव म्हणून ही दोन्ही रूपं चालतात.

बास्क मुलखात माणसाची ओळख घरावरून होत असे. डोंगरउतारावर विखुरलेली शेतघरं आणि प्रत्येक घराला स्वतःचं नाव. ते नाव जागेवरून, दिशेवरून, जवळच्या झऱ्यावरून किंवा चर्चवरून पडलेलं असे. घर विकलं गेलं, जुनं कुटुंब जाऊन नवं आलं, तरी घराचं नाव तेच राही आणि राहायला येणाऱ्याला ते चिकटे. कोकणात 'वरच्या घरातले', 'खालच्या घरातले' म्हटलं की वाडीतल्या माणसाला बरोबर कळतं. बास्क लोकांत हेच बोलणं पुढे कागदोपत्री आडनाव झालं. 'गोइकोएचेआ' हे तिथलं अगदी नेहमीचं आडनाव आहे आणि त्याचा अर्थ 'वरचं घर' असाच आहे. 'एलिसाल्दे' म्हणजे चर्चजवळचं. दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार याच्या आडनावात गिरणी आणि खोरं हे दोन बास्क शब्द आहेत.

आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावांशी याची तुलना सहज सुचते, पण फरक मोठा आहे. सातारकर, नागपूरकर ही आडनावं गावाची. बास्क आडनाव गावाच्याही आत जाऊन एका घराच्या उंबरठ्यावर थांबतं.

एखाद्या घरात मुलगी वारस असेल आणि नवरा तिच्याकडे राहायला आला, तर तोही त्या घराच्या नावाने ओळखला जाई. घरजावयाने सासरचं नाव लावावं यात तिथे कुणाला काही वावगं वाटत नसे. फ्रान्सकडच्या बास्क भागात तर पहिलं अपत्य, मग तो मुलगा असो की मुलगी, घराचा वारस होण्याची जुनी रीत होती. अशा समाजात आडनावावरून रक्ताचं नातं शोधायला गेलं तर फसगतच व्हायची.

आता 'नवं घर' हे नाव किती घरांना पडलं असेल, याचा विचार करा. जवळजवळ प्रत्येक गावात कधी ना कधी कुणी तरी नवं घर बांधणारच. शेजारीपाजारी त्याला 'नवं घर' म्हणणार आणि पुढे तीनशे वर्षं झाली तरी ते नवंच राहणार. आपल्याकडे नवघर मुलुंडला आहे, भाईंदरला आहे, वसईला आहे आणि उरणलाही आहे. ही सगळी गावं एकाच मूळ गावातून निघाली असं कुणी म्हणत नाही. एचेबेर्रियाचंही तसंच आहे. हे आडनाव एका ठिकाणी जन्मून पसरलं नाही. ते अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं आणि मग प्रत्येक ठिकाणाहून पसरलं. बास्क साहित्याच्या इतिहासात जोआनेस एचेबेर्री नावाचे दोन लेखक आहेत, दोघेही फ्रान्सकडच्या लापुर्दी प्रांतातले. एक सतराव्या शतकातला कवी, दुसरा 1668 ते 1749 या काळातला. दोघांत घोटाळा होऊ नये म्हणून अभ्यासक कायम सिबुरूचा एचेबेर्री आणि साराचा एचेबेर्री असं गाव जोडून लिहितात.

गोव्याच्या संताकडे यायचं तर आधी त्याच्या घरात डोकवायला हवं. फ्रान्सिसचा जन्म 1506 साली, आजच्या उत्तर स्पेनमधल्या नवारा राज्यातला. वडील हुआन दे हास्सो, नवाऱ्याच्या राजाचे मोठे अधिकारी. आई मारिया दे आस्पिलिक्वेता. 'शाव्येर'चा किल्ला आईकडून आलेला. या दांपत्याच्या थोरल्या मुलाचं नाव मिगेल दे हास्सो, मधल्याचं हुआन दे आस्पिलिक्वेता आणि धाकट्याचं फ्रान्सिस्को दे शाव्येर. सख्खे तीन भाऊ आणि आडनावं तीन: एकाचं वडिलांकडचं, एकाचं आईकडचं आणि एकाचं राहत्या घराचं. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, पण त्या काळी त्या मुलखात हे नेहमीचंच होतं. फ्रान्सिसचा गुरू आणि मित्र इग्नेशियस लोयोला हाही बास्क, आणि 'लोयोला' हेही त्याच्या घराचंच नाव. पुण्यामुंबईतून चेन्नईपर्यंत ज्या दोन नावांच्या शाळा-कॉलेजं आपण पाहतो, ती दोन्ही नावं मुळात दोन बास्क घरांची आहेत.

फ्रान्सिस जन्मला तेव्हाच ते 'नवं घर', म्हणजे शाव्येरचा किल्ला, काही शतकांचं जुनं झालेलं होतं. शेजारच्या कास्तील राज्याने 1512 साली नवारा जिंकलं आणि 1516 साली किल्ल्याचे बुरूज पाडायला लावले. त्या वेळी तो दहा वर्षांचा होता.

त्याची मातृभाषा बास्क होती याला त्याचाच लेखी पुरावा आहे. 1544 साली कोचीनहून लिहिलेल्या पत्रात किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांबद्दल तो सांगतो की त्यांची भाषा मलबारी आणि आपली बिस्काईन, त्यामुळे एकमेकांचं बोलणं कळत नाही. बिस्काईन हे बास्कचं त्या वेळचं स्पॅनिश नाव, आणि मलबारी म्हणजे इथे तमिळ.

आता 'एचेबेर्री'चं 'शाव्येर' कसं झालं? नवाऱ्याच्या पूर्व भागात आणि लगतच्या आरागॉनमध्ये लॅटिनमधून निघालेली बोली बास्कच्या जागी येत गेली. गावांची, घरांची नावं राहिली, पण ती नव्या जिभेवर घोळली. बास्कमध्ये समास होताना 'एचे'चं 'एचा' होतं, तसं इथे झालं. नव्या बोलीत जोर असलेल्या 'ए'चा 'ये' होत असे, म्हणून 'बेर्री'चं 'व्येर्रे' झालं. जुन्या कागदांत 'एशाव्येर्रे' अशा वळणाची रूपं सापडतात. मग सुरुवातीचा 'ए' गळला आणि शेवटचं 'रे'ही झिजलं. आरागॉनमध्ये 'हाव्येर्रे' नावाची गावं आजही आहेत. त्यांत शेवटचं 'रे' टिकून आहे, म्हणून साखळीतला मधला दुवा डोळ्यांनी दिसतो. भाषेच्या अभ्यासात एवढा स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

बाळांच्या नावांच्या अनेक याद्यांत 'झेवियर म्हणजे तेजस्वी, मूळ अरबी' असं छापलेलं असतं. ते मनावर घेऊ नका. हे नाव एका जागेचं आहे, ती जागा माहीत आहे, जुनी रूपं माहीत आहेत, आणि शेजारच्या गावांची नावं त्याच नियमाने बदललेली आहेत. अरबीला इथे शिरायला वावच नाही.

उच्चाराचा गुंता 'एक्स' या अक्षरामुळे झाला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशमध्ये 'एक्स'चा उच्चार 'श' होता, पोर्तुगीजमध्येही 'श'. पोर्तुगीजांनी तो टिकवला. स्पॅनिशमध्ये तो घशाकडे सरकत 'ह'सारखा झाला आणि 1815 साली स्पॅनिश अकादमीने अशा ठिकाणी 'एक्स'ऐवजी 'जे' लिहायचं ठरवलं. म्हणून स्पेनमध्ये आज 'हावियेर'. मेक्सिकोने आपल्या नावातला 'एक्स' सोडला नाही, तरी उच्चार 'मेहिको' झालाच.

फ्रान्सिस 6 मे 1542 रोजी पोर्तुगीज गलबतातून गोव्यात उतरला, म्हणून गोव्याला पोर्तुगीज 'श' मिळाला. रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत 'श' लिहायला आजही हेच अक्षर वापरतात. 'शीत-कडी' आणि 'शेजारी' हे शब्द रोमीत 'एक्स'नेच सुरू होतात, आणि केपे तालुक्यातल्या शेल्डे गावाचं रोमन स्पेलिंगही. तेव्हा 'शावियेर' हा उच्चार मुळाला सर्वांत जवळचा. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज 1869 सालचं, इंग्रजी अमदानीतलं. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'एक्स' म्हणजे 'झ', जसा झेरॉक्समध्ये. इटालियन लोकांनी 'साव्हेरियो' केलं, तमिळमध्ये 'सवेरियार' झालं.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवायला हवी. झेवियर हे नाव जगभर पसरलं ते वंशामुळे पसरलं नाही. फ्रान्सिस संन्यस्त, त्याला मूलबाळ नाही. 12 मार्च 1622 रोजी त्याला संतपद मिळालं आणि लोक भक्तीने मुलांची नावं 'फ्रान्सिस्को शावियेर' अशी जोडीने ठेवू लागले. जोडनावातला दुसरा शब्द पुढे काही घरांत आडनाव झाला. ब्राझीलच्या स्वातंत्र्याचा हुतात्मा तिरादेन्तेस याचं खरं नाव जोआकिम जोझे दा सिल्वा शावियेर. गोव्यात गावकारीच्या (गावाच्या सामायिक जमिनीच्या) कारभारावर एकोणिसाव्या शतकात मोठा ग्रंथ लिहिणारे फिलिप नेरी शावियेर यांच्या नावात तर दोन संत आहेत, आणि त्या दोघांनाही संतपद मिळालं ते 1622 च्या त्याच एका दिवशी. गोव्यातल्या शावियेर कुटुंबांचा नवाऱ्याशी रक्ताचा संबंध शोधण्यात म्हणूनच अर्थ नाही.

एचेवेरियाचा प्रवास याच्या अगदी उलट. तो हाडामांसाच्या माणसांनी केला. शेत आणि घर एकाच वारसाकडे जायचं, बाकीच्या भावंडांनी चर्चमध्ये जायचं, सैन्यात जायचं किंवा समुद्रावर. स्पॅनिश साम्राज्याच्या काळात बास्क खलाशी, व्यापारी, कारकून अमेरिकाभर पोचले. एकोणिसाव्या शतकात स्पेनमधल्या, राजगादीच्या वारसावरून झालेल्या कार्लिस्ट युद्धांनी आणि घरच्या तंगीने हजारो लोक आर्जेन्टिना आणि उरुग्वेला गेले. काही अमेरिकेच्या नेवाडा, आयडाहोकडे मेंढ्या राखायला गेले. सगळ्यांनी घराचं नाव सोबत नेलं, घर मात्र मागेच राहिलं.

कुठल्या वाटेने कोण गेलं हे स्पेलिंगवरून बरंच कळतं. स्पेनकडच्या बिस्काया या बास्क प्रांतात 'बेर्री'ला 'बार्री' म्हणतात, म्हणून 'एचेवारिया' दिसलं की माणूस बहुधा मुळात तिकडचा, आणि 'एचेवेरिया' दिसलं की गिपुस्कोआ किंवा नवाऱ्याकडचा. 'एचेवेरी' असं 'आ' नसलेलं रूप 'च'साठी फ्रेंच पद्धतीची तीन अक्षरं घेऊन आलं, तर ते फ्रान्सच्या बाजूचं. बोलिव्हियाचा फुटबॉलपटू मार्को एचेवेरी याच्या आडनावाचं स्पेलिंग या वळणाचं आहे. कॅनडाजवळच्या फ्रेंच बेटांवर, सेंट पियर-मिकलोनला, 'द' जोडून 'देचेवेरी' झालेलं आढळतं. सुरुवातीचा 'ए' गाळणारे 'चावारी' आणि 'चावारिया' झाले. कोलंबियाच्या मेदेयीन शहरात 1907 साली कोल्तेहेर ही मोठी कापडगिरणी उभारणारे आलेहान्द्रो 'एचावारिया' होते. बास्कच्या स्वतःच्या लेखनपद्धतीतलं 'एचेबेर्रिया' हे स्पेलिंग सरकारी कागदांवर सर्रास दिसू लागलं ते 1975 साली हुकूमशहा फ्रँकोची राजवट संपल्यानंतर. त्यामुळे एकाच कुटुंबात आजोबांचं स्पेलिंग स्पॅनिश आणि नातवाचं बास्क, असंही होतं.

मराठीत कसं लिहावं, याबद्दल माझं मत सांगतो. मुंबईच्या कॉलेजला झेवियर्सच म्हणावं, दीडशे वर्षांची रूढी आहे. गोव्यातल्या माणसाचं आडनाव असेल तर तो स्वतः म्हणतो तसं शावियेर लिहावं, त्याला इंग्रजी 'झ' चिकटवू नये. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांचं, 1970 ते 1976 या काळात सत्तेवर असलेल्या लुईस एचेवेरिया यांचं नाव मराठी वर्तमानपत्रांच्या रूढीप्रमाणे 'व'ने लिहायला हरकत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र तो 'व' दोन्ही ओठ जवळ आणून 'ब'सारखाच म्हणतात, 'र' ठसठशीत दुहेरी असतो आणि जोर 'र्री'वर येतो: एचेबेर्रीया.