दुसऱ्या गरोदरपणातही डांग्या खोकल्याची लस घ्यावी का? सासरचे नको म्हणतात.

घ्या. पहिल्या वेळी घेतली होती, मध्ये तीनच वर्षं गेली, मग परत कशाला, असं तुमच्या घरचे म्हणतात ना? याच वाक्यावरून आमच्या घरात असं वाजलं होतं की अजून धग गेलेली नाही.

लस आईला टोचतात, पण ती असते बाळासाठी. आईच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून बाळाकडे जातात. आईच्या अंगातली त्यांची पातळी वर्षभरात बरीच उतरते, म्हणून दर खेपेला नवी.

मला आणि माझ्या जावेला एकाच सुमारास दिवस गेले होते, दोघींचंही दुसरं. मी लस घेतली. तिने नाही घेतली, म्हणजे भाऊजींनी घेऊ दिली नाही. "पोटात मूल असताना उगाच औषधं नकोत, बाळ आल्यावर त्याला देणारच आहेत." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण बाळाचा पहिला डोस सहा-आठ आठवड्यांनी, आणि एका डोसने पुरतं संरक्षण मिळत नाही. या आजाराने बाळं दगावतात ती बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच.

तिचं बाळ महिन्याचं झालं आणि त्याला सर्दी झाली. खोकला फारसा नव्हता, उबळीनंतरचा तो हूऽप आवाज तर नाहीच, त्यामुळे डांग्या खोकला कुणाच्या डोक्यातही आला नाही. इतक्या लहान बाळांत तो आवाज बरेचदा नसतोच, ती सरळ श्वास घ्यायची थांबतात. दूध पिता पिता बाळ निळं पडलं, तेव्हा पळापळ झाली. अतिदक्षता विभाग, ऑक्सिजन, सगळं झालं. वाचलं ते. आता माझ्या लेकाला ढकलून पळतं.

आणि त्याआधीचे कित्येक दिवस भाऊजी स्वतः खोकत होते! रात्री ठसका लागून उठून बसायचे, सकाळी बाळाला मांडीवर घ्यायचे. लहानपणीची लस जन्मभर पुरत नाही, आणि मोठ्यांचा डांग्या खोकला नुसता लांबलेला खोकला वाटतो. (त्यांची तपासणी झाली नाही, त्यामुळे त्यांच्याकडूनच आला हे सिद्ध नाही. माझ्यापुरतं आहे.)

ते आजही म्हणतात, बाळाची प्रकृतीच नाजूक. 2012 च्या साथीत इंग्लंड आणि वेल्समध्ये 14 बाळं गेली, ती सगळी नाजूक होती का? त्याच ऑक्टोबरपासून तिथे गरोदर बायकांना लस सुरू केली, आणि ती घेतलेल्या आयांच्या तान्ह्या बाळांना सुमारे 90 टक्के संरक्षण मिळालेलं दिसलं. पोटातल्या बाळाला काही झालं तर? लस घेतलेल्या सुमारे 20,000 बायकांच्या नोंदी तिथे तपासल्या, मृत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. हे छापून मी भाऊजींपुढे ठेवलं होतं. त्यांनी त्यावर चष्मा ठेवला.

तुम्हाला 29वा आठवडा चालू आहे, म्हणजे वेळ योग्य आहे. साधारण 27 ते 36 मध्ये घेतात, प्रसूतीच्या निदान दोन आठवडे आधी तरी. दंड दुखेल, थोडी कणकण येईल. आधीच्या डोसला जोराची ॲलर्जी आली असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. आणि सगळ्याच लसी चालतात असं मी म्हणत नाहीये; गोवर-रुबेला, कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लसी गरोदरपणात देत नाहीत.

फ्लूचीही विचारलीत. त्याच दिवशी चालते, दुसऱ्या दंडात. फक्त इंजेक्शनचीच घ्या, नाकातला फवारा नको.

सासरच्यांना कसं पटवायचं, ते मला विचारू नका. डॉक्टरांकडे एकट्या जा, घेऊन या, मग सांगा.