कोयना धरण भरलेलं असताना आमच्याकडे लाइट का जाते?

विट्याकडच्या एका दादांनी विचारलंय, धरण भरलंय, डोंगरावर पवनचक्क्या फिरतायत, तरी आमच्याकडे लाइट का जाते? जादा वीज साठवून का ठेवत नाहीत? मी तीस वर्षं कराड-सातारा पट्ट्यात उपकेंद्रावर ऑपरेटर होतो, म्हणून लिहितो.

वीज ज्वारीसारखी पोत्यात भरून ठेवता येत नाही. तुम्ही मोटर चालू करता त्याच क्षणी कुठंतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. बॅटऱ्या येतायत, पण राज्याच्या गरजेपुढं अजून थोड्या. मेळ बसतोय की नाही, हे फ्रिक्वेन्सी सांगते, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते तो आकडा. तो 50 च्या आसपास राहायला हवा. आमच्या कंट्रोल रूममध्ये लाल आकड्यांचं मीटर होतं. 49.98, 50.02 असं रात्रभर हलायचं. 49.90 च्या खाली आलं की चहाचा कप बाजूला ठेवून तिकडंच बघत बसायचो. मागणी वाढली की देशभरातली जनित्रं एकाच वेळी किंचित मंदावतात, कारण 31 डिसेंबर 2013 ला दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, जोडल्यापासून सगळा देश एका तारेत आहे. आकडा फारच पडला तर रिले नावाची यंत्रं काही फिडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडं जाणाऱ्या लाइनी, आपोआप तोडतात. ज्या गावाचा फिडर जातो त्याला राग येणारच, पण ते तोडले नाहीत तर सगळंच बसू शकतं. 31 जुलै 2012 ला उत्तर, पूर्व आणि ईशान्येचं ग्रिड एकदम बसलं होतं.

आता कोयना. क्षमता 1960 मेगावॉट. कोळशाचा थंड पडलेला संच चालू करायला कित्येक तास जातात, पाण्याचा संच काही मिनिटांत वीज देतो. त्यामुळं संध्याकाळी सगळीकडं दिवे लागतात तेव्हा कोयना लागते. पण धरण 105 टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) असलं तरी वीज करून कोकणात सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधलंय. ऑगस्टमध्ये काठोकाठ दिसणारं पाणी पुढच्या मेपर्यंत पुरवायचं असतं. शिवाय सांगलीकडच्या शेतीला पूर्वेला सोडायचं ते वेगळंच. ते पाणी मनात येईल तेव्हा वापरून टाकलं तर उन्हाळ्यात ऐन संध्याकाळी हात रिकामे. पवनचक्क्यांचं उलटं आहे. चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव, सगळीकडं खरा वारा पावसाळ्यात, तेव्हा तुमच्या मोटरी बंद!

पाण्याच्या संचांची किंमत मला 5 एप्रिल 2020 ला कळली. कोरोनाच्या काळात पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री 9 ला नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते. मी ड्यूटीवर होतो. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे 31 हजार मेगावॉटनं उतरली, अंदाजाच्या दुपटीहून जास्त. जलविद्युत केंद्रांनी सुमारे साडेसतरा हजार मेगावॉट आधी कमी करून मग परत वाढवले. फ्रिक्वेन्सी 49.70 ते 50.26 मध्येच राहिली. ते आकडे बघताना माझे तळहात ओले झाले होते.

पण दादा, गावातली लाइट जाते ती बहुतेक वेळा ग्रिडमुळं नाही. जाते ती डीपीवर, म्हणजे तुमच्या शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर. शेतीची तीन फेज आली की ऑटोस्विचवाल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. आम्ही फिडर चार्ज केला की अँपिअरचा काटा उडायचा, ब्रेकर ट्रिप. परत चार्ज, परत ट्रिप. तिकडं व्होल्टेज पडून कुणाची मोटर जळायची, डीपीचा फ्यूज उडायचा, आणि वायरमन चिखलातून निघायचा.

ऑटोस्विच काढा. मोटरीला कॅपॅसिटर लावा, त्यानं लाइनवरचा करंट कमी होतो, आणि तो खर्च मोटर भरण्याच्या खर्चापुढं काहीच नाही. लाइट आल्यावर थोडं थांबा, आणि डीपीवरच्या सगळ्यांनी बसून कुणाची मोटर कधी सुरू करायची ते ठरवा. माझ्या भावाच्या डीपीवर अकरा कनेक्शनं आहेत. त्यांनी वहीत नंबर लिहून घेतले, दोघादोघांनी पाच मिनिटांच्या अंतरानं मोटरी चालू करायच्या. आधीच्या उन्हाळ्यात तो डीपी दोनदा जळला होता, त्या उन्हाळ्यात एकदाही नाही.