वाटले होते आठ, झाले चार

“म्हणजे हे सगळं माझ्या मनाचं आहे, असंच ना?”

सुनंदाताई अजून खुर्चीत बसल्याही नव्हत्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या आणि डॉक्टरांनी समुपदेशनासाठी पाठवलेल्या बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न असतो; पुष्कळ जण तो तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत गिळून ठेवतात. सुनंदाताईंनी तो आल्याआल्याच विचारला, आणि त्यांच्या आवाजात काळजीपेक्षा अपमान अधिक होता.

वय 51, प्राथमिक शाळेत शिक्षिका. अडीच वर्षांपूर्वी दळणाचा डबा उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. अशी उसण बहुधा काही आठवड्यांत ओसरते, आणि त्यांचीही ओसरू लागली होती, परंतु मध्यंतरी एमआरआय झाला, अहवालात ‘डिस्क डिजनरेशन’ (मणक्यांमधल्या चकत्यांची झीज) आणि ‘डिस्क बल्ज’ (चकती फुगणे) असे शब्द आले, आणि एका डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून सांगितले, “मणके झिजलेत. जपा, नाहीतर अंथरूण धराल.” हे वाक्य त्यांना तारखेसकट पाठ होते. त्या दिवसापासून कमरेला पट्टा आला, जमिनीवर बसणे सुटले, दळण मुलाकडे गेले, वर्गात फळ्याच्या खालच्या भागावर लिहिणेही बंद झाले. इतके जपूनही दुखणे मात्र वाढतच गेले.

पायातील शक्ती कमी होणे, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा अकारण वजन घटणे यांपैकी काही असते तर मी त्यांना समोर बसवून न घेता तातडीने परत डॉक्टरांकडे पाठवले असते. अस्थिरोगतज्ज्ञांनी हे सारे तपासून नाकारले होते, म्हणूनच आमच्या बोलण्याला अर्थ होता.

मी त्यांना एक आकडा सांगितला. कंबर मुळीच न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या लोकांपैकी सुमारे 80 टक्क्यांच्या चकत्यांची झीज दिसली आणि 60 टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. केस पिकावेत तसे मणक्यांचेही वय दिसू लागते.

“मग त्यांचं दुखत नाही आणि माझंच का?” शिक्षिकाच त्या, नेमक्या जागी बोट ठेवणार.

तेव्हा मी त्यांना 1995 साली ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेलेला प्रसंग सांगितला. बांधकामावरच्या एका 29 वर्षांच्या कामगाराने उडी मारली ती थेट 15 सेंटिमीटरच्या खिळ्यावर, आणि खिळा बुटातून आरपार गेला. तो इतका विव्हळत होता की किंचित हालचालही सोसवेना; भूल आणणारी आणि तीव्र वेदनाशामक औषधे द्यावी लागली. बूट काढला तेव्हा खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला होता आणि पायाला ओरखडाही नव्हता. हा माणूस नाटक करत नव्हता. आपल्या पायाचे काय झाले असावे याचा मेंदूने जो अंदाज बांधला, त्या अंदाजाएवढे त्याला दुखले. शरीराकडून येणारा संदेश आणि धोक्याचा अंदाज या दोहोंना एकत्र करूनच मेंदू वेदना घडवतो. अंदाज बदलला की वेदना कमी-जास्त होते, पण ती कोणत्याही क्षणी खोटी नसते.

ही केवळ समजूत घालण्याची भाषा नव्हे. औषधी द्रव्य नसलेल्या गोळी-इंजेक्शनानेही अनेकांचे दुखणे कमी होते. 1978 साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिले, तर हा दिलासाही नाहीसा होतो. 2011 सालच्या एका प्रयोगात शिरेतून सर्व वेळ एकच तीव्र वेदनाशामक सुरू होते; ‘औषध सुरू केले आहे’ असे सांगितल्यावर त्याचा गुण दुपटीने वाढला, आणि ‘औषध बंद केले, आता दुखेल’ असे सांगताच, औषध चालू असूनही, तो जवळजवळ पुसला गेला. अंथरूण धराल, हे वाक्य सुनंदाताईंच्या शरीरात अडीच वर्षे काय करत असेल, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

येथे एक गोष्ट नमूद करतो. सकारात्मक विचारांनी कोणताही आजार बरा होतो, असे सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. विश्वासाने गाठ विरघळत नाही, मोडलेले हाड सांधत नाही. वेदना, मळमळ, थकवा यांवर अपेक्षेचा प्रभाव मोठा असतो, आणि रोगाच्या मुळावर तो बहुधा नसतो.

नुसते सांगून भीती जात नाही. मेंदूला पुरावा लागतो. म्हणून फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आम्ही तोच दळणाचा डबा घेतला. पहिल्या आठवड्यात रिकामा, मग एक किलो गव्हाचा, मग दोन. उचलण्यापूर्वी दहापैकी किती दुखेल याचा अंदाज वहीत लिहायचा आणि उचलल्यानंतर प्रत्यक्ष किती दुखले ते शेजारी. त्यांनी लाल पेनाने दोन रकाने आखले, ‘वाटले होते’ आणि ‘झाले’. रिकाम्या डब्याच्या ओळीत पहिल्या दिवशी आठ आणि चार हे आकडे होते. त्यांनी ती ओळ माझ्यापुढे धरली आणि स्वतःच्याच उत्तरपत्रिकेत चूक सापडल्यासारख्या हसल्या.

चौथ्या महिन्यात त्या पाच किलोचे दळण स्वतः गिरणीपर्यंत नेऊ लागल्या. पट्टा टाकून द्या असे मी कधीच म्हटले नाही. तो अजून दारामागच्या खुंटीला आहे आणि प्रवासात कधी कधी निघतो. दुखणे गेलेले नाही. गेल्या खेपेस वहीत एक उलटी ओळ होती, ‘वाटले होते तीन, झाले सात’. मी विचारले, तर म्हणाल्या, “आदल्या रात्री झोपच नव्हती. आईला दवाखान्यात ठेवलं होतं.” कारण त्यांनी शेजारी बारीक अक्षरात लिहूनही ठेवले होते, आणि त्याखाली दुसऱ्या दिवशीच्या दळणाची नोंद होती.